अकरा घरांचा तलाव

पिंपळधरा, ता. राजुरा
१२ नोव्हेंबर १९९८

चि. जया,

आशीर्वाद.

तुझा भाचा दिवाळीच्या सुट्टीहून वेळेवर हजर झाला. बूट पॉलिश केलेले, केस कापलेले. मात्र त्याच्या ट्रंकेत सुकवलेल्या मासळीचा डबा निघाला. हे मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. एका खोलीत चाळीस मुलं झोपतात. त्याच्या आईची, वच्छलाबाईंची माया मला कळते, पण त्या मायेला दुसऱ्या दिवशी मुंग्या लागतात. डबा मी जप्त केला आहे.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत आठवीच्या छात्रांचं पाच दिवसांचं शिबिर असतं. त्यात तलाव पोहून पार करायचा असतो. या वर्षी कमांडंट साहेबांनी परेडनंतर विचारलं, "असं पाणी कोणाला माहीत आहे, जे रुंद आहे, खोल आहे आणि ज्यात मगर नाही?" तुझ्या भाच्याने, प्रफुलने हात वर केला. मग त्याने फळ्यावर तुमच्या मोहटोल्याचा तलाव काढून दाखवला. बांध, देवळाच्या पायऱ्या, पाणी सोडायची जुनी मोरी, कुठे किती पुरुष पाणी, सगळं. तीन वर्षांपूर्वी फळ्यापाशी बोलावलं की या मुलाची बोबडी वळायची. साहेब म्हणाले, "हा मुलगा वाट दाखवील."

तर शिबिर तुमच्या गावी, १६ ते २० जानेवारी. तलाव मच्छीमार सोसायटीचा आहे, म्हणून साहेब तिच्या अध्यक्षांना भेटायला येतील. तू प्रफुलच्या वडिलांना, बाबुलालभाऊंना आधी सांगून ठेव. गावाने मान ठेवावा असा हा प्रसंग आहे.

तुझी अंगणवाडी कशी चालली आहे? अक्षर बिघडलं आहे तुझं. सुधार.

रशिदा शेख
गृहप्रमुख

*

मोहटोला, ता. सिंदेवाही
२२ नोव्हेंबर १९९८

आदरणीय बाईंना जयाचा नमस्कार.

पत्र मिळालं. डब्याबद्दल वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "बाईले म्हणा, तुमीच खाऊन घ्या मंग." रागावू नका, ती तुम्हाला फार मानते.

गणवेशातल्या पोरांचं शिबिर आपल्या गावात, या बातमीनं अंगणवाडीतल्या लेकरांनी रांग लावून चालायला सुरुवात केली. पण भाऊंना सांगितलं तर ते जाळं शिवत होते ते शिवतच राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "प्रफुलनं सांगतलं? त्यानंच?" मी हो म्हटलं. मग जाळं तसंच टाकून बांधावर निघून गेले.

लटारूभाऊ सोसायटीचे अध्यक्ष. त्यांच्याकडे गेले तर ते म्हणाले, "काऊन व? जिल्ह्यात दुसरा तलाव नाई का? सिंदेवाहीच्या आजूबाजूले दहा तलाव हायेत. तिकडं ने म्हणा तुया साहेबाले." मी विचारलं, काय हरकत आहे? तर म्हणाले, मासे बुजतात.

बाई, मासे पोरांना बुजत नाहीत. गावातली निम्मी पोरं त्याच पाण्यात वाढली. पण हल्ली दिवाळीनंतर कोणी आपलं लेकरू खोल पाण्यात जाऊ देत नाही, हे आता लिहिताना माझ्या लक्षात येतं आहे. बायका देवळाच्या पायऱ्यांवर धुणं धुतात आणि पोरगं कमरेपर्यंत गेलं की हाक मारतात.

जमलं तर शिबिर दुसऱ्या तलावावर न्यावं, एवढंच सुचवते.

आपली विद्यार्थिनी,
जया

*

पिंपळधरा
१ डिसेंबर १९९८

चि. जया,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कमांडंट साहेब मोहटोल्याहून परतले. लटारूभाऊंनी संमतीच्या कागदावर सही केली आहे. साहेबांसोबत तहसीलचा माणूस होता. हरकत असेल तर तिथेच सांगायची होती. कागदावर सही करायची आणि पाठीमागे मासे बुजतात म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तू शिकलेली आहेस. तू तरी त्यात पडू नकोस.

इथे सराव सुरू आहे. प्रफुलवर एक छात्र सोपवला आहे, लालसू. एटापल्लीकडचा, धावण्यात शाळेत पहिला, पण पाण्याला घाबरतो. शाळेच्या हौदात तो चार हात मारतो आणि काठ धरतो. प्रफुल त्याच्याशी भांडतो. परवा मी ऐकलं, "अबे, पाणी तुले खाते का? तूच पाण्याले लाथा मारून राह्यला." लालसू म्हणाला, "तू ढिवराचा हायेस. तुले पोटातूनच येते." दोघेही हसले. मी दोघांनाही गप्प केलं, पण मला ते आवडलं, हे तुला सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट विचित्र वाटली. पोहण्याची रेघ जुन्या मोरीपासून दूर ठेवावी असं प्रफुल हट्टाने सांगतो. कारण विचारलं तर खाली बघतो. साहेबांनी त्याचं ऐकलं.

रशिदा शेख

*

मोहटोला
१४ डिसेंबर १९९८

आदरणीय बाई,

हे पत्र वाचून फाडून टाका. मी भाऊंच्या गळ्याची शपथ घेतली आहे आणि ती मोडते आहे.

काल भाऊंच्या हातातला काटा काढत होते. नखाखाली मोडलेला, पिकलेला. अर्धा इंच बाभळीचा काटा. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही मासे धरता, कुंपणं नाही घालत. मग त्यांनी सांगितलं.

आमच्या तलावात काटे आहेत. बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्यांचे भारे, दगड बांधून तळाला सोडलेले. कारण मासळीचा एक ठेकेदार. तीन वर्षांपासून त्याची माणसं रात्री जीप घेऊन येतात आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं ओढून तलाव धुऊन नेतात. तक्रार केली, काही झालं नाही. काट्यांत जाळं अडकलं की फाटतं. फाटलं की ते परत येत नाहीत. भाऊ म्हणाले, आजोबांच्या काळीही असंच करत.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून भारे टाकले. आमच्यातल्याच एकानं दारूच्या नादात जागा सांगितल्या, आणि ठेकेदाराच्या माणसांनी आठ दिवसांत सगळे भारे उपसून तलाव रिकामा केला. त्यानंतर ठरलं की सोसायटीच्या अकरा घरांनी आपापले भारे वेगवेगळे टाकायचे. बाकीचं गाव बाजाराला गेलं की एका वेळी एकच घर पाण्यावर जातं. आपली जागा दुसऱ्या घराला सांगायची नाही. भावानं भावालाही नाही. म्हणजे एक फुटला तरी एकच जागा जाईल.

बाई, आता समजलं का? त्या पाण्याखाली कुठे काय आहे हे पूर्ण कोणालाच माहीत नाही. प्रफुलला फक्त आमच्या घराची जागा माहीत आहे. जुन्या मोरीसमोर. भाऊंनी दिवाळीत सांगितली. बाकीची दहा घरं कशी टाकतात, हे तो शाळेत गेल्यानंतर ठरलं. त्याला वाटतं, मोरी टाळली की झालं.

शिबिर रद्द करा. पण कारण सांगू नका. तुमच्या शाळेत रविवारी मासे असतात असं प्रफुल सांगतो. ते कोणाच्या पेटीतून येतात ते एकदा पाहा. लटारूभाऊ सही करताना म्हणूनच गप्प राहिले.

जया

*

पिंपळधरा
२६ डिसेंबर १९९८

चि. जया,

पत्र फाडलेलं नाही. मी पत्रं फाडत नाही. कुलपात आहे.

रविवारी स्वयंपाकघरात जाऊन बर्फाच्या पेट्या पाहिल्या. त्यावर त्याच ठेकेदाराचं नाव आहे. तू लिहिलंस ते खरं आहे. इथे बोललेली गोष्ट दोन दिवसांत त्याच्याकडे पोचेल.

प्रफुलला बोलावून सरळ विचारलं. तो सावधानमध्ये उभा राहिला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे. तेव्हा त्याचे डोळे भरले. म्हणाला, "बाई, मले वाटलं आपलंच एक हाये. साहेबांनी विचारलं तवा सगळे माह्याकडं पाहत होते." अकरा घरांचं मी त्याला सांगितलं. पोराचा चेहरा उतरला.

शिबिर रद्द करायचं तर साहेब कारण मागतील, आणि विनाकारण विनंती या शाळेत कोणी ऐकत नाही. म्हणून मी असं ठरवलं आहे. शिबिराआधी अकराही घरांनी आपापले भारे बाहेर काढावेत. जागा कोणी कोणाला सांगायची गरज नाही. तू घरांची यादी कर. ज्या घराने काढले त्याने तुला येऊन सांगायचं, तू खूण करायची. १२ जानेवारीपर्यंत काम पूर्ण. शिबिर गेलं की पुन्हा टाका, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. मी कोणाला काही सांगणार नाही.

माणसांना स्पष्ट मुदत दिली की कामं होतात. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हेच पाहिलं आहे.

रोजे चालू आहेत, म्हणून पत्र थोडक्यात.

रशिदा शेख

*

मोहटोला
११ जानेवारी १९९९

आदरणीय बाई,

तुम्ही सांगितलं तसं केलं. लटारूभाऊंच्या घरी अकरा घरांना बोलावलं. पहिल्यांदा आरडाओरड झाली. "बाईले काऊन सांगतलं?" म्हणून दसरूभाऊ माझ्यावर धावून आले. वहिनी मध्ये उभी राहिली. म्हणाली, "माहा पोरगा त्या पाण्यात उतरणार हाये. ज्याले माह्या पोराच्या अंगात काटा पाह्यचा हाये त्यानं उठून जावं." कोणी उठलं नाही.

काल संध्याकाळपर्यंत अकराही घरांचा माणूस माझ्या दारात येऊन "काढलं" म्हणून सांगून गेला. भाऊंनीही सांगितलं. यादीवर अकरा खुणा आहेत.

पण बाई, आज सकाळी मी बांधावर गेले. काढलेले भारे बांधाच्या मागे उन्हात पडले आहेत, शेवाळ लागलेले, वास मारणारे. घराघराचे वेगळे ढीग आहेत. मी मोजले. दहा.

पुन्हा मोजले. दहाच.

लटारूभाऊंना विचारलं, तुमचा ढीग कोणता? ते म्हणाले, "ढीग दाखवला का भारे किती ते समजते. मंग पुढच्या साली?" सगळ्यांचं तेच. कोणी आपल्या ढिगाकडे बोट करत नाही. प्रत्येक जण म्हणतो, माझा त्यात आहे. भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "मोजत नोको बसू जया. दोन घरांचे एकात गेले असन."

असेलही. पण मला झोप लागत नाही. हे पत्र एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देते आहे, लवकर पोचावं म्हणून. काय करू ते सांगा.

जया

*

पिंपळधरा
१५ जानेवारी १९९९

चि. जया,

तुझं पत्र काल मिळालं. हे उत्तर तुला मिळेल तेव्हा आम्ही तिथे पोचलेलो असू. तरीही लिहीत आहे, कारण कोणत्याही पत्राला उत्तर दिलं नाही असं मी कधी केलेलं नाही.

दोन ढीग एकात मिसळले असणार. अकरा माणसं अकरा वेळा खोटं बोलत नाहीत. तरी मी साहेबांना एवढं सांगितलं की तलावात जुने खुंट-फांद्या राहिल्या असण्याची शक्यता आहे. ठेकेदाराचा विषय काढला नाही. साहेबांनी विचार करून हुकूम काढला की सगळ्यांत आधी प्रफुल जाईल, कमरेला दोर बांधून, दोराचं टोक काठावर धरलेलं. त्याच्या मागे पंधरा हातांवर त्याच दोराला लालसू. ते दोघे पार झाले की बाकीची मुलं उतरतील.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. म्हणून मी स्वतः शिबिराला येत आहे. ईद तिथेच होईल.

प्रफुलला विचारलं, भीती वाटते का? म्हणाला, "नाई बाई. लालसूचीच वाटते."

रशिदा शेख

*

पिंपळधरा
२९ जानेवारी १९९९

जया,

चौकशी समितीसमोर मला मंगळवारी निवेदन द्यायचं आहे. जे मी पाहिलं तेच सांगणार आहे. खाली लिहिते. कुठे चूक असेल तर दुरुस्त करून उलट टपाली पाठव.

१६ जानेवारीला संध्याकाळी पाच वाजता बाबुलालभाऊ छावणीत मुलाला भेटायला आले. सोबत तिळाचे लाडू होते. नातेवाइकांना दहा मिनिटं दिली जातात. ते दोनच मिनिटं बोलले. प्रफुलने मान हलवली. वडील गेले. कमी वेळ घेतला म्हणून त्या वेळी मला बरं वाटलं होतं.

१७ तारखेला सकाळी आठ वाजता पाण्यावर धुकं होतं. साहेबांनी अर्धा तास थांबवलं. साडेआठला दोघं देवळाच्या पायऱ्यांवरून उतरले. प्रफुल सरळ रेघेत गेला, एकही हात वाकडा नाही. अर्ध्यावर लालसूला दम लागला. तो घाबरून उजवीकडे वळला, मोरीच्या बाजूला, आणि हातपाय मारता मारता दोरासकट प्रफुललाही त्याच बाजूला ओढत गेला. मग तो खाली गेला आणि वर आला नाही.

प्रफुल पलीकडच्या काठापासून चाळीस हातांवर होता. त्याने मागे पाहिलं. कमरेचा दोर सोडला. मी बांधावरून स्पष्ट पाहिलं, बुडी मारण्याआधी तो क्षणभर थांबला. त्याने मोरीच्या दगडाकडे पाहिलं, जसं एखादा माणूस घराचा पत्ता ताडून बघतो. मग तो खाली गेला.

लालसू वर आला. चड्डी फाटलेली, मांडीवर काटे रुतलेले. त्याला दोराने ओढून घेतलं. प्रफुल आला नाही. बाबुलालभाऊ कुठून धावत आले मला कळलं नाही. कोणालाही न विचारता ते नेमके त्याच जागी गेले आणि एकाच बुडीत त्याला घेऊन वर आले. त्याचा सदरा आणि एक हात फांद्यांत गुंतलेला होता.

समितीला हवं आहे की मी लिहावं, छात्राने आदेशाविना दोर सोडला. तो आदेशाविनाच सोडला, हे खरं आहे. मी तेही लिहीन आणि बाकीचंही लिहीन. पाण्यात काटे आहेत हे मला चार आठवडे आधीपासून माहीत होतं. अकरा खुणा आणि दहा ढीग, हेही माहीत होतं. मुलांना दुसरीकडे नेण्याऐवजी मी यादीवर विश्वास ठेवला आणि त्या मुलाला सर्वांत पुढे पाठवलं. सूचना दिली की काम झालं, असं मी आयुष्यभर समजत आले.

एक प्रश्न उरतो. समिती विचारील. तुला माहीत असेल तर सांग. अकरावं घर कोणाचं?

रशिदा

*

मोहटोला
१० फेब्रुवारी १९९९

आदरणीय बाई,

तुमचं लिहिणं बरोबर आहे. काही दुरुस्त करायचं नाही. उत्तराला उशीर झाला, तुमचा मंगळवार होऊन गेला असेल. पण हे मी भाऊंना विचारल्याशिवाय लिहू शकत नव्हते.

अकरावं घर आमचं.

भाऊंनीच सांगितलं, प्रफुलच्या तेराव्यानंतर, सगळ्यांसमोर. त्यांनी काढलेच नव्हते. अकराही घरांनी काढले आणि ते कोणाच्या कानावर गेलं तर ठेकेदार एका फेरीत तलाव साफ करेल, असं त्यांना वाटलं. मोरीसमोर सगळ्यात खोल पाणी आहे, मोठी मासळी तिथेच बसते. "एका घरानं तरी ठेवाले पायजे होते," ते म्हणाले. "मंग म्या म्हणलं, आपलेच ठेवू. आपला पोरगा तर जागा ओळखते. दुसऱ्याच्या पोराले धोका नोको." त्या संध्याकाळी छावणीत त्यांनी प्रफुलला एवढंच सांगितलं, "आपले तसेच हायेत. मोरीकडं जाऊ नोको." आणि तो म्हणाला, "हो बाबा."

बाई, त्याला माहीत होतं. तुम्ही पाहिलं ते खरं आहे.

परवा लालसूचे वडील आले. एटापल्लीहून दोन बसगाड्या बदलून. पोराला त्यांनी शाळेतून काढून नेलं आहे. सोबत कोंबडा आणि मोहफुलांची पिशवी होती. भाऊंच्या समोर बसले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुमच्या पोरानं माह्या पोराले वापस देल्लं. आतापासून तो तुमचाही पोरगा." भाऊंनी तोंड उघडलं. मला वाटलं आता सांगतील. लटारूभाऊंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊ गप्प झाले. त्या माणसानं जेवण केलं, वहिनीच्या पायाला हात लावला आणि बस धरली.

वहिनी भाऊंशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि बाहेर जाते.

समितीला काय सांगायचं असं मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "बाईले सांग, नाव लिहून टाका. माहं पूर्ण नाव." म्हणून लिहिते आहे. तुम्ही योग्य वाटेल ते करा.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच ते एकटे मोरीवर गेले होते आणि आमचे भारे उपसून काढले. सगळे. कोणी थांबवलं नाही. बाकीच्या दहा घरांनीही पुन्हा टाकले नाहीत. त्यावर बैठक झाली नाही, कोणी काही ठरवलंही नाही.

काल दुपारी जीप आली. पूर्वी ती अशी उजेडात कधी येत नसे. सहा माणसं उतरली, त्यांनी बांधाच्या या टोकाला जाळं सोडलं आणि ओढत निघाले. अकराही घरं बांधावर उभी होती, बायकापोरांसकट. त्यातला एक जण आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काय हो, आज काटे नाई का?"

 जाळं सरळ त्या टोकापर्यंत गेलं.

आपली,
जया